दोन आमेन

कोर्टाच्या आवारात, दगडी जिन्याच्या डाव्या हाताला, पत्र्याच्या शेडखाली सहा टेबलं होती. त्यातलं तिसरं तिचं. तिला सगळे टायपिस्टबाई म्हणत. लोक यायचे, समोरच्या स्टुलावर बसायचे, आपलं म्हणणं सांगायचे, आणि ती ते प्रतिज्ञापत्रात उतरवायची. टाइपरायटर गेला, कॉम्प्युटर आला, प्रिंटर आठवड्यातून एकदा रुसायला लागला, पण कामाची रीत तीच राहिली. ज्या म्हाताऱ्या टायपिस्टच्या हाताखाली ती शिकली, त्याने पहिल्याच दिवशी बजावलं होतं, की समोरचा बोलेल ते त्याच्याच तोंडून लिहायचं. कागदावरचा 'मी' म्हणजे तो, तू नाहीस. खोटं वाटलं तरी दुरुस्त करायचं नाही, खरं वाटलं तरी मान डोलवायची नाही. शेवटी सगळं वाचून दाखवायचं, त्याने हो म्हटलं की सही घ्यायची, नाहीतर अंगठा.

एकदा सकाळी एक माणूस येऊन लिहून घेऊन गेला, की त्याने बायकोवर कधी हात उगारलेला नाही. दुपारी त्याची बायको आली आणि तारखांसकट उलट लिहून घेऊन गेली. दोन्ही कागद तिनेच केले. शेजारच्या टेबलावरचा टायपिस्ट म्हणाला, बाई, तुमचा नेमका विश्वास कुणावर? ती म्हणाली, माझं काम विश्वासाचं नाही, बोटांचं आहे.

विश्वासाची बाब तिच्या घरची होती, आणि ती तिने आवारात कधी काढली नाही. तिचे वडील चर्चच्या शाळेत गणिताचे मास्तर होते. रोज सकाळी प्रार्थनेच्या वेळी सगळी शाळा उभी राहून मतांगिकार, म्हणजे श्रद्धेची कबुली, म्हणायची: पिता देव, पुत्र देव, पवित्र आत्मा देव, आणि तरी देव एकच. मास्तरांनी बायबल पुन्हा पुन्हा वाचलं आणि ते या निष्कर्षाला आले, की देव एकच, आणि तो पिता. येशू त्याचा पुत्र, त्याने पाठवलेला, मेलेल्यांतून उठवलेला, त्याच्या उजवीकडे बसवलेला. पण स्वतः देव नव्हे. आत्मा म्हणजे देवाचं सामर्थ्य, तिसरं कुणी नव्हे. येशू रात्र रात्र प्रार्थना करायचा ती कुणाला, स्वतःलाच का, असं ते विचारत. तेव्हापासून मास्तर प्रार्थनेला उभे राहत, पण तोंड मिटून. वर्षभर कुणाच्या लक्षात आलं नाही. मग आलं. गणिताच्या मास्तरला तिनाचा एक करता येईना, असा विनोद शाळेत फिरला आणि मास्तरांची नोकरी गेली. दोन मुलं, ती आणि तिचा मोठा भाऊ, त्याच शाळेत शिकत होती, तीही घरी बसली. आई लोकांची धुणी धुवायला लागली. मास्तरांनी सायकलच्या दुकानावर एक खोली भाड्याने घेतली आणि तिथे रविवारी त्यांच्या मताची माणसं जमू लागली. लोक त्यांना 'एकवाले' म्हणत. सर्वात जास्त जमली ती अकरा. मास्तर गेल्यावर सभा तिच्या मोठ्या भावाकडे आली. दादा फरशी बसवायचं काम करायचा. रविवारी तोच वाचायचा, तोच येशूच्या आठवणीची भाकर मोडून ताटलीतून फिरवायचा.

तिने लग्न केलं ते तेहेतिसाव्या वर्षी, आणि मोठ्या चर्चच्या माणसाशी. तो बस डेपोत घोषणा द्यायचा. कुठली गाडी कुठे लागली, कुठली उशिरा येते, हे अख्ख्या गावाने वर्षानुवर्षं त्याच्या तोंडून ऐकलेलं. ओळखपत्र हरवलं म्हणून तो प्रतिज्ञापत्र करायला तिच्या स्टुलावर येऊन बसला. त्याने तोंड उघडलं आणि तिने वर न बघता विचारलं, "आज पाच नंबरची गाडी किती उशिरा?" तिथून पुढे सुरू झालं. चर्चमध्ये लग्न लागणं शक्य नव्हतं, सभेत त्याला पटणारं नव्हतं, म्हणून दोघांनी कचेरीत सह्या केल्या. त्याची मोठी बहीण लग्नाला आली, पण दारातच उभी राहिली.

नव्या घरात पहिल्यांदा जेवायला बसले तेव्हा त्याने हात जोडले. "हे प्रभू, हे अन्न आणि हे घर आशीर्वादित कर. जे वाटेत आहेत त्यांना सुखरूप पोचव. पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने. आमेन." वाटेतल्यांचा भाग त्याने स्वतः घातला होता, डेपोतल्या माणसाला ते सुचणारच. तो तिच्या आमेनची वाट बघत बसला. ती गप्प. सूपवर साय धरली. मग तिने तिची प्रार्थना म्हटली: "हे पित्या, तूच एक खरा देव आहेस. तू दिलेल्या अन्नासाठी तुझा पुत्र येशू याच्याद्वारे आम्ही तुझे आभार मानतो. आमेन." आता तो गप्प. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं, आणि तो म्हणाला, "चला, दोन्ही गाड्या सुटल्या. आता जेवूया."

तीच रीत झाली. आधी त्याची, मग तिची. आपापल्या प्रार्थनेला आपापलं आमेन, दुसऱ्याच्या प्रार्थनेला मान खाली, तोंड बंद. सुरुवातीच्या वर्षांत ते वाद घालायचे. तो म्हणायचा, सूर्य, उजेड आणि ऊब, तिन्ही एकच ना? ती म्हणायची, उजेड सूर्याला उद्देशून प्रार्थना करताना मी पाहिला नाही. मग वाद संपले, कारण दोघांना एकमेकांची उत्तरं पाठ झाली. मूल झालं नाही. रविवारी दोघं बरोबर घरातून निघत, कोपऱ्यावर वेगळे होत आणि परत येताना जो आधी पोचेल तो त्या कोपऱ्यावर दुसऱ्यासाठी थांबे. अशी एकतीस वर्षं गेली.

मग त्याला अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात, उजवा पाय गेला, आणि वाचा गेली. 'ते' एवढा एकच आवाज उरला. हो म्हणायचं तरी 'ते', नको म्हणायचं तरी 'ते'. हॉस्पिटलात तीन आठवडे नळीने जेवला. नळी काढल्यावर घरी आणला, खुर्चीत उशा लावून टेबलाशी बसवला. नणंद सूप घेऊन आली होती. दोन गल्ल्या पलीकडे ती एकटी राहायची. चर्चमधल्या फुलदाण्यांत फुलं लावायचं काम तिच्याकडे असायचं आणि तिला त्याचा मोठा दिमाख होता.

टायपिस्टबाईने चमचा त्याच्या ओठांशी नेला. त्याने तोंड उघडलं नाही. डावा हात उचलून टेबलावर आपटला. एकदा, दोनदा, तीनदा.

दोघींनाही कळलं. नणंदेने लगेच डोळे मिटून त्याची प्रार्थना सुरू केली, अगदी खड्या आवाजात. तो मान हलवत राहिला, 'ते, ते' करत राहिला. नजर बायकोवर. नणंद मधेच थांबली. म्हणाली, "माझं चालत नाही वाटतं तुला," आणि सुपाचं भांडं तसंच ठेवून निघून गेली.

बायकोने स्वतःची प्रार्थना म्हटली. त्याने ऐकून घेतली, नेहमीसारखी मान खाली घालून. मग पुन्हा तीन वेळा हात आपटला. त्या दिवशी त्याने औषधापुरतं पाणी घेतलं. दुसऱ्या दिवशी चार चमचे, तेही हात जोडता येत नाही म्हणून डोळ्यांतून पाणी काढत. नर्स सांगून गेली होती, की पोटात अन्न नसेल तर गोळ्या द्यायच्या नाहीत, आणि गोळ्या चुकवायच्या नाहीत.

ती स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभी राहिली. तो हट्ट करत नव्हता हे तिला कळत होतं. त्याचं सगळं गेलं होतं, दिवसातून तीन वेळा म्हणायचं तेवढं एक उरलं होतं आणि तेही त्याला म्हणता येत नव्हतं. पण ती तीन नावं एका दमात तिने जन्मात उच्चारली नव्हती. तिच्या वडिलांनी तेवढ्यासाठी घरदार पणाला लावलं होतं. तोंड उघडून ते म्हणायचं म्हणजे देवासमोर खोटं बोलायचं, असंच ती शिकली होती, आणि तिला ते पटलेलं होतं, नुसतं शिकवलेलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी ती त्याच्या शेजारी न बसता टेबलाच्या पलीकडे, समोर बसली. चष्मा लावला. कामावर विचारायची त्याच आवाजात तिने विचारलं, "तुमचं म्हणणं काय?"

तो बघत राहिला.

"हे सांगतात की," ती म्हणाली आणि तिने त्याची प्रार्थना सुरुवातीपासून शेवटपर्यंत सांगितली, त्याच्याच शब्दांत, वाटेतल्यांसकट, तिन्ही नावांसकट. आमेनच्या आधी थांबली. "वाचून दाखवलं. बरोबर आहे?"

त्याचा अर्धा चेहरा हसला. त्याने मान हलवली आणि म्हणाला, "ते." ते त्याचं आमेन होतं. मग तिने तिची प्रार्थना म्हटली, तिचं आमेन म्हटलं, आणि त्याने अर्धी वाटी सूप, मऊ केलेला पाव आणि अख्खा उकडलेला बटाटा खाल्ला.

आवारातलं टेबल तिने शेजारच्याला सांभाळायला दिलं होतं. आता घरी एकच पक्षकार, दिवसातून तीन खेपा. आठवडे गेले. 'हे सांगतात की' हळूहळू गळालं. दोघांनाही माहीत असलेली गोष्ट रोज तीनदा कशाला सांगायची, आणि सूपही निवायचं. 'वाचून दाखवलं' गळालं. उरली प्रार्थना, त्याचं 'ते', मग तिची प्रार्थना. त्याच्या वाटणीचा शेवटचा शब्द, आमेन, मात्र तिने कधी म्हटला नाही.

एका सकाळी नणंद मोठ्या चर्चच्या पाळकसाहेबांना घेऊन आली. दार उघडंच होतं. दोघं आत आले तेव्हा टायपिस्टबाई पाठमोरी बसून म्हणत होती, "पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने." पाळकसाहेब उंबऱ्यातच थांबले. मागाहून त्यांनी एवढंच म्हटलं, की दुःख माणसाला कुठून कुठे आणतं. नणंदेने तिचे दोन्ही हात हातात घेतले, जे एकतीस वर्षांत घेतले नव्हते. टायपिस्टबाई खुलासा करायला गेली, पण नणंद रडत होती, पाळकसाहेब घड्याळ बघत होते आणि अंडं पातेल्यात तडकून बाहेर यायला लागलं होतं. तिला वाटलं, नंतर सांगू.

त्या आठवड्यापासून नणंद रोज यायला लागली. चादरी बदलायला मदत करायची, त्याचे पाय चोळायची, गप्पा मारायची. घरात असं रोज माणूस येण्याची सवय टायपिस्टबाईला नव्हती, आणि आवडत नव्हतं असंही नाही. खुलासा राहून गेला. हे तिने पुढे स्वतःशी कबूल केलं: राहून गेला नाही, राहू दिला.

गावात बातमी पोचायला कितीसा वेळ. रविवारी दुपारी दादा आला. त्याने पाणी घेतलं, आजाऱ्याची चौकशी केली, मग बसला. स्वयंपाकघराच्या दाराशी एक फरशी हलत होती, ती तो बोलता बोलता अंगठ्याने दाबत राहिला.

"मला एवढंच सांग. म्हटलंस की नाही?"

"म्हटलं."

"एकदा?"

"रोज. तिन्ही वेळा."

नवरा तिथेच खुर्चीत होता. त्याची वाचा गेली होती, कान शाबूत होते.

तिने दादाला सगळं सांगितलं. हात आपटणं, गोळ्या, कामाची रीत. ते म्हणणं तिचं नव्हतं, त्याचं होतं; ती फक्त वाचून दाखवत होती. दादाने मधे तोंड घातलं नाही. तो रागावलेला नव्हता, दमलेला दिसत होता.

"बाबांनाही हे म्हणता आलं असतं," तो म्हणाला. "शाळेच्या वतीने म्हणतो, माझं म्हणणं नाही. नोकरी राहिली असती. आईचे हात तसे झाले नसते."

बाबांसमोर कुणी उपाशी बसलं नव्हतं, असं ती म्हणणार होती. मग तिला आठवलं, की बसलो होतो की आपण दोघं. 

दादाने विचारलं, की सभेतल्या माणसांना त्याने काय सांगायचं? सात जणं उरली आहेत. प्रत्येकाने या एका गोष्टीसाठी काही ना काही सोडलंय. तिने सभेसमोर उभं राहून माझी चूक झाली म्हणावं. तोपर्यंत तिला भाकर देता येणार नाही. तिच्या जागी दुसरं कुणी असतं तरी त्याने हेच केलं असतं, आणि तिच्या बाबतीत तर करायलाच हवं. जाताना त्याने वाकून ती फरशी उचलून पाहिली आणि म्हणाला, खालचा माल सुटलाय, सवडीने येऊन बसवून देईन.

संध्याकाळी तिने नवऱ्याला टेबलाशी बसवलं, पंचा गळ्याशी लावला. चमचा हातात घेतला तोच त्याने तोंड उघडलं. हात आपटला नाही, वाट बघितली नाही. तोंड उघडं ठेवून तो तिच्याकडे बघत होता, लहान मुलांना आपण 'आ कर' म्हणतो तसा. तिने चमचा तसाच धरला. त्याने डोळ्यांनीच खुणावलं, दे.

तिने चमचा वाटीत ठेवला. हात जोडले आणि त्याची प्रार्थना म्हटली. वाटेतल्यांना सुखरूप पोचव, म्हणाली. तिन्ही नावं घेतली. मग थांबली.  त्याचं तोंड वेडंवाकडं होत होतं. शेवटी म्हणाला, "ते."

पुढे तो दोन महिने जगला. त्यानंतर त्याने हात कधीच आपटला नाही, आणि तिनेही एक वेळ चुकवली नाही.

अंत्यविधी मोठ्या चर्चमध्ये झाला. नणंदेने तिला पहिल्या रांगेत आपल्या शेजारी बसवलं, फुलं स्वतः लावली होती. पाळकसाहेबांनी प्रवचनात तिचा उल्लेख केला, उशिरा उमललेल्या श्रद्धेविषयी दोन वाक्यं बोलले. मग सगळे उभे राहिले आणि मतांगिकार सुरू झाला. तीही उभी राहिली, तोंड मिटून. नणंदेचा आवाज दोन ओळी ठाम होता, तिसऱ्या ओळीला अडखळला. ती वळून तिच्या ओठांकडे बघत होती.

चौथ्या दिवशी नणंद आली, बसली नाही. तिने विचारलं, की रविवारी चर्चला ये म्हणते, तर येणार की नाही? टायपिस्टबाई म्हणाली, "ताई, ते त्यांचं होतं. ते गेले. आता कुणाच्या वतीने म्हणू?"

"म्हणजे इतके महिने नाटक केलंस? त्याच्याशी?"

"त्यांना माहीत होतं."

"आणि मला?"

 नणंदेने आपली दोन भांडी मागितली, रुमालात बांधली आणि गेली. नंतर रस्त्यात दिसली तर मान हलवायची, तेवढंच. टायपिस्टबाईला तिचा राग आला नाही. संध्याकाळी पाचच्या सुमाराला, तिच्या येण्याच्या वेळी, मात्र कान दाराकडे जायचा, बरेच दिवस.

ती पुन्हा आवारात जायला लागली. शेजारचा टायपिस्ट अदबीने बोलायचा, त्यामुळे जास्तच कंटाळा यायचा. डेपोवरून जाताना आता मुलीचा रेकॉर्ड केलेला आवाज यायचा. सगळ्या गाड्या एकाच सुरात. घरी ती टेबलाशी बसायची, स्वतःची प्रार्थना म्हणायची, जेवायची. त्याच्या प्रार्थनेपुरता वेळ ती आधी थांबायची की नाही, हे बघायला तिथे कुणी नव्हतं.

दादाचा फोन आला. एकच वाक्य आहे, म्हणाला. उभी राहा, म्हण, बस. कुणी पुढे काही विचारणार नाही. वहिनीही मागून म्हणाली, की या बाई, असं तुटून राहू नका. दोघांच्या आवाजात माया होती. तिने विचार करते म्हणून सांगितलं. फोन ठेवल्यावर स्वयंपाकघरात तिने ते मोठ्याने म्हणून पाहिलं: माझी चूक झाली. स्वच्छ, सरळ आलं. आवारात रोज कुणी ना कुणी तिच्यापुढे बसून म्हणायचं, तसंच. तिने ते पुन्हा एकदा म्हटलं. ऐकून घेतलं, आणि विचारावं तसं स्वतःला विचारलं, बरोबर आहे? बरोबर नव्हतं. दुःख होतं, बाबांचं ओझं होतं, नणंदेला फसवल्याची बोच होती. त्या संध्याकाळी त्याच्या प्रार्थनेसाठी वाटीत ठेवलेला चमचा मात्र चूक नव्हता.

रविवारी ती सभेला गेली. जिना चढताना खालून सायकलच्या ट्यूबचा वास येत होता. वहिनीने तिची नेहमीची खुर्ची, दुसऱ्या रांगेतली मधली, रिकामी ठेवली होती. दादाने तिच्याकडे पाहिलं. ती उभी राहील म्हणून तो थोडा थांबला. ती बसून राहिली. त्याने पुस्तक उघडलं.

वाचन झालं, प्रार्थना झाली. तूच एक खरा देव आहेस, असं सगळे म्हणाले, त्यात तीही म्हणाली, आणि आमेनही. इतक्या महिन्यांत दुसऱ्यांबरोबर म्हटलेलं ते पहिलं आमेन. मग दादाने भाकर मोडली आणि ताटली फिरायला लागली. डावीकडे चष्म्याच्या दुकानातली बाई बसली होती. ताटली तिच्या हातात आली तशी ती गोंधळली. तिने दादाकडे पाहिलं. दादा पुस्तकात बघत होता. त्या बाईने हात लांब केला आणि ताटली टायपिस्टबाईच्या पुढून पलीकडच्या म्हाताऱ्याला दिली. त्याचा हात कापायचा, म्हणून ताटली तिच्या मांडीच्या वर क्षणभर अधांतरी राहिली. तिने पाठ मागे टेकवली आणि गुडघे जवळ घेतले.

पुढच्या रविवारी ती जरा लवकर गेली आणि रांगेच्या टोकाची खुर्ची घेतली, म्हणजे कुणाला हात लांबवावा लागू नये.